पटावरचं नाव

गेले काही दिवस एक झाड डोक्यात ठाण मांडून बसलं आहे. आपल्याकडचं नाही. पार आफ्रिकेतलं, कॅमेरून देशातल्या एबो नावाच्या वर्षावनातलं. उंची जेमतेम ४ मीटर. म्हणजे झाड म्हणावं तर लहान आणि झुडूप म्हणावं तर मोठं. ज्या एका ठिकाणी ते सापडलं तिथे त्याची ५० सुद्धा झाडं भरली नाहीत, आणि एबोच्या जंगलाबाहेर ते कुठे आढळलेलं नाही. जगात जे काही आहे ते एवढंच.

माझ्या आठवीच्या एकेका तुकडीत याहून जास्त मुलं असायची.

मी काही वनस्पतिशास्त्राची नाही. मराठी घेऊन बी. ए. केलं, मग बी. एड., आणि आयुष्यभर मुलांना समास, प्रयोग आणि निबंध शिकवले. झाडाची बातमी माझ्यापर्यंत आली ती नातीमुळे, आणि तिच्यापर्यंत आली ती एका नटामुळे. या झाडाला शास्त्रज्ञांनी हॉलिवूडच्या लिओनार्डो डिकॅप्रिओचं नाव दिलं आहे. 'उवारिऑप्सिस डिकॅप्रिओ'. ६ जानेवारी २०२२ ला ते नाव रीतसर प्रसिद्ध झालं. त्या वर्षी लंडनच्या क्यू उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी नाव दिलेली ही पहिली नवी वनस्पती. नातीने कौतुकाने सांगितलं, "आजी, टायटॅनिकमधला तो हीरो, त्याच्या नावाचं झाड आहे!" तिच्या आईने तो सिनेमा किती वेळा पाहिला होता ते मी इथे लिहीत नाही, कारण तीही हे वाचणार आहे.

मला मात्र नटापेक्षा झाडातच रस वाटला. आणि त्याहूनही जास्त त्या नाव देण्याच्या प्रकारात.

आधी झाडाबद्दल सांगते. ऐकलंत तर तुम्हालाही ते अगदीच परकं वाटणार नाही. कारण हे झाड आहे सीताफळाच्या कुळातलं. शास्त्रात त्या कुळाला 'अ‍ॅनोनेसी' म्हणतात. आपलं सीताफळ, रामफळ, अंगणातला हिरवा चाफा, इतकंच काय, सोसायट्यांच्या कुंपणाला शिपायासारखा सरळ उभा असतो तो उंच अशोकही (सीतेचा अशोक तो वेगळा) याच घरातले. हिरव्या चाफ्याचं फूल आधी पानाच्या रंगाचं असतं, लपून राहतं, आणि पिवळं व्हायला लागलं की वासाने घर शोधायला लावतं. एबोतल्या झाडाची फुलंही हिरवट पिवळीच आहेत, पण चकचकीत, आणि ती फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर झुबक्यांनी येतात.

खोडावर फुलं-फळं हे आपल्या कोकणातल्या माणसाला नवल नाही. फणस कुठे लागतो? उंबराची फळं कुठे लागतात? कॅमेरूनमध्ये कोकोची लागवड पुष्कळ, त्या कोकोच्या शेंगाही अशाच खोडाला लटकतात. दाट जंगलात वरच्या छतातून ऊन खाली पोचत नाही. त्या अर्धवट अंधारात वावरणाऱ्या किड्यांना आणि प्राण्यांना खोडावरची फुलं-फळं सोयीची पडत असावीत, असं मानतात. मी त्या झाडाचं छायाचित्र पाहिलं आणि पहिला विचार आला, कुणीतरी ओल्या खोडाला हळदीकुंकवाच्या दिवशी फुलं चिकटवून ठेवली आहेत.

नावाचा अर्थही सांगून टाकते, कारण मास्तरणीला राहवत नाही. लॅटिनमध्ये 'उवा' म्हणजे द्राक्षाचा घड. त्यावरून 'उवारिया' ही एक प्रजाती, आणि 'ऑप्सिस' म्हणजे सारखं दिसणारं. म्हणून 'उवारिऑप्सिस', उवारियासारखी दिसणारी. हे झालं घराण्याचं नाव. पुढे 'डिकॅप्रिओ' हे स्वतःचं. आपल्याकडे नाव आधी आणि आडनाव नंतर, वनस्पतिशास्त्रात उलट. शाळेच्या हजेरीपटासारखं.

आता ते जंगल. एबो हे कॅमेरूनच्या लितोराल प्रांतात आहे. विस्तार सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपली मुंबई, उपनगरांसकट, त्यात दोनदा मावून वर जागा उरेल. तिथे गोरिलांची एक लहानशी टोळी आहे, तिचा पत्ता शास्त्रज्ञांना २००२ मध्ये लागला. तिथले चिंपांझी दगडा-लाकडांनी कठीण कवचाची फळं फोडतात आणि काडी घालून वाळवीही काढून खातात. ही दोन्ही कसबं एकाच ठिकाणच्या चिंपांझींना अवगत असणं दुर्मीळ समजलं जातं. जगातला सगळ्यात मोठा बेडूक, 'गोलायथ' नावाचा, तोही तिथलाच एक रहिवासी. वजनाला ३ किलोपर्यंत भरतो म्हणे. आमच्या विहिरीतले बेडूक त्याच्यासमोर बालवाडीतले.

आणि माणसं? जंगलाच्या कडेने बानेन लोकांची गावं आहेत. पूर्वी त्यांची गावं जंगलाच्या आतही होती. १९६० च्या दशकातल्या धामधुमीत त्यांना ती सोडावी लागली. पूर्वजांची थडगी आत राहिली, माणसं बाहेर आली. आपल्याकडे त्याच दशकात कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. पाणी उतरलं की जुन्या देवळाचा कळस दिसतो का ते बघायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. बानेन लोकांना एबो हे 'जैवविविधतेचं भांडार' वगैरे नाही. ते त्यांचं गाव आहे.

२०२० च्या सुरुवातीला कॅमेरून सरकारने या जंगलाचे दोन मोठे भाग लाकूडतोडीसाठी खुले करायचं ठरवलं. बानेन लोकांनी विरोध केला. शास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली. त्याच फेब्रुवारीत डिकॅप्रिओने एबोबद्दल आपल्या कोट्यवधी चाहत्यांना कळवलं, आणि ज्या जंगलाचं नाव जगाच्या कानावर कधी आलं नव्हतं ते एकदम सगळीकडे गेलं. जुलैमध्ये तोडीचा मार्ग मोकळा करणारा हुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून तो मागे घेतला गेला. ही मदत लक्षात ठेवून क्यूचे मार्टिन चीक, जॉर्ज गॉसलिन आणि कॅमेरूनच्या राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहाशी संबंधित ज्याँ-मिशेल ओनाना वगैरे मंडळींनी झाडाला त्या नटाचं नाव दिलं.

हे वाचल्यावर आमच्या घरात दोन तट पडले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, हा काय न्याय झाला? झाड तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं आणि नाव लागलं नटाचं. सांभाळलं त्यांचं लावायचं!" भाऊजींच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मला आपल्याच दारातलं एक उदाहरण आठवलं.

जुन्नरजवळ शिवनेरीच्या कड्यावर एक मांसल देठांची, रांगती वनस्पती आहे, शिंदळ माकुडी. तांबूस फुलांवर पिवळे ठिपके. तीही अशीच, फार थोड्या जागी उगवणारी. आधी ती फक्त जुन्नरलाच आहे असं वाटत होतं, पुढे सह्याद्रीत आणखी काही ठिकाणी सापडली. डाल्झेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाने १८६४ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'फ्रेरिया इंडिका'. फ्रेरिया कशावरून? तर तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. शिवरायांच्या जन्मस्थळी उगवणारं फूल आणि नाव इंग्रज गव्हर्नरचं! पुढे शास्त्रज्ञांनी तिची प्रजाती बदलली. आता तिला 'बाउसेरोसिया फ्रेराय' म्हणतात. प्रजाती गेली पण फ्रेअर राहिलेच. हे 'फ्रेराय' म्हणजे षष्ठी विभक्ती बरं का, फ्रेअर यांची. डिकॅप्रिओच्या नावाला मात्र प्रत्यय लावलेला नाही, ते प्रथमेतच उभं आहे.

गंमत म्हणजे याच फ्रेअरसाहेबांचं नाव मुंबईतल्या एका कारंज्यालाही द्यायचं ठरलं होतं. ते दिलं गेलं नाही. फुलांच्या देवतेचं, फ्लोराचं नाव दिलं गेलं. तेच फ्लोरा फाउंटन, आणि तिथला चौक आज हुतात्मा चौक आहे. एकेका जागेवर किती नावांचे थर चढतात पाहा. कारंज्यावरून सुटलेले फ्रेअरसाहेब शिवनेरीच्या कड्यावर मात्र चिकटून बसले आहेत. अलीकडे, २०२३ मध्ये, विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या एका नव्या जातीला 'सेरोपेजिया शिवरायियाना' असं शिवरायांचं नाव दिलं गेलं. फिटंफाट झाली म्हणायची.

आणि सीताफळ? सीताफळ, रामफळ ही दोन्ही मूळची अमेरिकेतली झाडं. समुद्र ओलांडून आली, इथल्या डोंगरउतारांवर रुजली, आणि आपल्या आयाबायांनी त्यांना थेट रामायणात नेऊन बसवलं. दौलताबादच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बाईला सांगा की हे परदेशी फळ आहे, ती तुम्हाला पाटीतलं एकही देणार नाही. नावाने परकं आपलं होतं. म्हणून मी भाऊजींना म्हटलं, नाव कुणाचं दिलं हे जाऊ द्या. नाव दिलं, हे आधी महत्त्वाचं.

का महत्त्वाचं, तेच मला आज सांगायचं आहे.

झाडाला शास्त्रीय नाव देणं म्हणजे बारसं नव्हे. कुणीतरी जंगलात जाऊन त्याची फांदी, पानं, फुलं गोळा करायची, वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, आणि कुठे, कधी, कुणी, किती उंचीवर हे सगळं कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर लिहायचं. मग ते त्या घराण्यातल्या आजवरच्या सगळ्या भावंडांशी ताडून पाहायचं. पाकळी किती लांब, देठावर लव आहे का, नरफूल-मादीफूल वेगळं आहे का. हे सगळ्यांहून वेगळं आहे अशी खात्री पटली की त्याचं वर्णन छापायचं. पूर्वी ते लॅटिनमध्येच लागायचं. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. आणि त्या नावापाठी कायमचा एक वाळवलेला नमुना ठेवावा लागतो. उद्या कुणी विचारलं की 'डिकॅप्रिओ म्हणजे नेमकं कोणतं', तर बोट ठेवायला तो कागद. क्यूच्या संग्रहात असे सुमारे ७० लाख कागद आहेत. आपल्या पुण्यातही कोरेगाव रस्त्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग १९५५ पासून हेच काम करतो. त्या रस्त्याने जाणाऱ्या शेकडो माणसांना आत काय आहे याची कल्पना नसते. आत सह्याद्रीचा हजेरीपट आहे!

आणि हा हजेरीपट का लागतो? तर धोक्यातल्या जिवांची जी आंतरराष्ट्रीय लाल यादी असते, तिच्यात नाव नसलेल्याला सहसा प्रवेश नाही. सरकारी नियम, निधी, राखीव क्षेत्राचा प्रस्ताव, न्यायालयातला अर्ज, सगळ्या कागदांवर पहिला रकाना नावाचा. 'अमुक जंगलात खोडावर पिवळी फुलं येणारं एक छानसं झाड आहे हो, ते तोडू नका' असं सांगून कुणी ऐकत नाही. डिकॅप्रिओच्या नावाच्या झाडाला नाव देणाऱ्या लेखातच त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं आहे. एकाच दिवशी पटावर नाव आणि त्याच ओळीत लाल शेरा.

जगात दरवर्षी सुमारे २,००० वनस्पतींना असं पहिल्यांदा नाव मिळतं. अजून १ लाखाच्या आसपास वनस्पती बिननावाच्या असाव्यात असा अंदाज आहे. क्यूच्या २०२३ च्या अहवालात शास्त्रज्ञ म्हणतात की या बिननावाच्या वनस्पतींपैकी दर चारांतल्या तीन धोक्यात असाव्यात. म्हणून त्यांचं सांगणं असं की नवीन सापडलेली प्रत्येक वनस्पती, उलट पुरावा मिळेपर्यंत, धोक्यातलीच धरा. याचं कारण सोपं आहे. जे सगळीकडे मुबलक आहे ते माणसाच्या नजरेला केव्हाच पडलेलं असतं. आता उरलेत ते कोपऱ्यातले, थोडके, एखाद्याच डोंगरावरचे.

मला हे वाचताना एक मुलगी आठवत होती.

माझी बहुतेक नोकरी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. पाचवीला येणाऱ्या मुलांच्या दाखल्यांवर निम्म्यांची जन्मतारीख १ जून असायची. आपल्या पिढीच्या लोकांना हे हसायला पुरेसं आहे. घरोघरी काका, मामा, आत्या, सगळ्यांचे वाढदिवस १ जूनला. आई सांगणार, "पाऊस लागला होता, भाताची लावणी चालली होती," आणि गुरुजी लिहिणार १-६. खोटी का असेना, ती तारीख आणि ते नाव एकदा रजिस्टरात चढलं की मुलाला सरकारदरबारी पाय ठेवायला जागा व्हायची.

तर ही मुलगी. डोंगरावरच्या वाडीतून तिची थोरली बहीण पाचवीत यायची, आणि ही तिच्याबरोबर. तिच्या वाडीवरची शाळा बरेच दिवस बंद होती. घरी ठेवायला कुणी नाही म्हणून बहीण घेऊन यायची आणि ही शेवटच्या बाकाच्या टोकाला बसून राहायची. वर्गात कविता म्हणायला सांगितली की सगळ्यांच्या आवाजात तिचाही आवाज असायचा. पण हजेरी घेताना मी नावं वाचायचे आणि तिच्यापाशी थांबायला काही कारण नसायचं. ती यादीत नव्हतीच. पुस्तकं आली, तिला नाहीत. डॉक्टर तपासायला आले, तिची तपासणी नाही. सहामाहीला तिने वहीच्या कागदावर पेपर लिहिला, स्वतःहून, बहिणीचा बघून नव्हे. तो मी घरी नेला, तपासला, गुण दिले. पण ते गुण लिहायचे कुठे? रकानाच नव्हता.

आमच्या मुख्याध्यापकांनी पुढच्या जूनमध्ये वाडीवर माणूस पाठवला, वडिलांना बोलावून घेतलं, कागद जमवले, आणि तिला रीतसर दाखल करून घेतलं. मी पहिल्या दिवशी हजेरीत तिचं नाव वाचलं. 'हजर' म्हणायचं असतं हे तिला ठाऊक होतं, वर्षभर दुसऱ्यांचं ऐकत होती. पण ती काही बोललीच नाही. बहिणीने ढोसल्यावर उभी राहिली. पुढे ती दहावी झाली, आज अंगणवाडी चालवते. नावाविषयीच्या या लेखात तिचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

ती मुलगी पटावर नव्हती तेव्हाही खरीच होती. गोड गळा होता, अक्षर सुरेख होतं. नाव लागल्याने तिच्यात काही भर पडली नाही. भर पडली ती आमच्यात. आता ती आली नाही तर 'का आली नाही' असं विचारणं हे आमचं काम झालं. झाडाचंही तसंच आहे असं मला वाटतं. एबोतलं ते झाड नाव मिळायच्या आधीही फुलत होतंच. नाव मिळालं ते झाडाला लागत होतं म्हणून नव्हे, आपल्याला जबाबदार धरता यावं म्हणून.

पण इथे थांबले तर गोष्ट फार गोड होईल, आणि पट पाहिलेल्या माणसाला पटाची दुसरी बाजूही माहीत असते. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या राज्यात सगळ्या शाळांची पटपडताळणी झाली होती, आठवत असेल. मी तेव्हा निवृत्त झाले होते, वर्तमानपत्रात वाचत होते. कितीतरी ठिकाणी पटावर नावं होती आणि वर्गात मुलं नव्हती. नुसतीच नावं!

झाडांच्या पटावरही अशी नावं आहेत. कॅमेरूनच्याच वायव्य भागात बाली एन्गेम्बा नावाचं राखीव वन आहे (हे बाली म्हणजे इंडोनेशियातलं बेट नव्हे). तिथून १९५१ मध्ये एका झाडाचा नमुना गोळा केला गेला. लिंबाच्या कुळातलं झाड, म्हणजे आपल्या बेलाचं, कढीपत्त्याचं चुलत भावंड. तो नमुना संग्रहात पडून राहिला. २०१८ मध्ये मार्टिन चीक यांनी त्याला नाव दिलं, 'वेप्रिस बाली'. पण दरम्यान त्या वनाचा बराच भाग शेतीखाली गेला होता, आणि शोध घेऊनही ते झाड कुणाला पुन्हा दिसलं नव्हतं. नाव देतानाच 'बहुधा नामशेष' असं लिहावं लागलं. ६७ वर्षांनी पटावर नाव चढलं आणि पुकारल्यावर उत्तर द्यायला कुणी नाही. कागदावर चिकटवलेली ती पानं तेवढी राहिली.

वेप्रिस बाली आणि डिकॅप्रिओ, एकाच देशातली दोन झाडं. एकाचं नाव उशिरा आलं, दुसऱ्याचं वेळेवर. वेळेवर म्हणजे मी झाडं उभी असताना, एवढंच म्हणते. कारण २०२० मध्ये थांबलेली गोष्ट कायमची थांबली नाही. २०२३ मध्ये कॅमेरून सरकारने एबोचा काही भाग पुन्हा लाकूडतोडीच्या वर्गात घातला. बानेन लोकांना आणि त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तोवर त्या लहानग्या झाडाचं नाव जगभर झालं होतं, नटाच्या चाहत्यांनाही ठाऊक झालं होतं. तरीही.

भाऊजी म्हणाले, "मग वहिनी, उपयोग काय झाला नाव देऊन?"

मी त्यांना म्हटलं, उपयोग एवढाच झाला की आता कुणाला 'तिथे काय, नुसतं रान आहे' असं म्हणता येणार नाही. 'रान' हा शब्द मला हल्ली फार सावधपणे वापरावासा वाटतो. आपण 'रान माजलंय' म्हणतो, 'रान साफ केलं' म्हणतो. साफ करताना त्यात कोण होतं हे विचारत नाही, कारण आपल्याला नावं माहीत नसतात. माझ्या आईला परसापलीकडच्या गडग्यावरच्या झुडपान् झुडपाचं नाव माहीत होतं. कुठल्याचा पाला गुरांना, कुठल्याचा माणसाला, कुठलं कुणालाच नाही. तिने शाळा चौथीपर्यंतच पाहिली होती. पण त्या गडग्यावर कुणी कोयता चालवला तर ती ओरडायची ते नाव घेऊन, "अरे, तोरण तोडलीस की रे मेल्या!" 'झाड तोडलंस' असं नाही. तोडणाऱ्याचा हात त्या नावापाशी क्षणभर थबकायचा. नेहमी थांबायचाच असं नाही, पण थबकायचा.

त्या थबकण्यात जे मिळतं तेवढंच नावातून मिळतं. पुढचं माणसांनी करायचं असतं. शाळेत आम्ही जनरल रजिस्टरात मुलाचं नाव एकदाच लिहायचो, काळ्या शाईत, खाडाखोड न करता. ते एका दिवसाचं काम. हजेरी मात्र रोज घ्यावी लागायची, पावसात, परीक्षेत, शनिवारच्या सकाळच्या शाळेतसुद्धा. आणि एखादं नाव सलग तीन दिवस गैरहजर दिसलं की कुणीतरी उठून त्याच्या वाडीवर जायचं असा आमच्याकडे शिरस्ता होता.

एबोतल्या त्या पन्नासांहून कमी जणांची नावनोंदणी झाली आहे. हजेरी घेणारी माणसं तिथे आहेत, जंगलाच्या कडेच्या गावांतली. तीच पहिल्यापासून होती.